कॅरिअरच्या दिव्याला अर्थ नव्हता

चिंचवडहून खेडला जायचं तर शहाण्या माणसानं सर्व्हिस मोटारीनं जावं. मी आतेभाऊ दत्तूभाऊंच्या जीपनं गेलो, कारण पाळणा न्यायचा होता. आई नसल्यामुळे माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं, पहिलं बाळंतपण सासरीच झालं. बारशाला निदान माहेरचा पाळणा असावा, एवढंच तिनं पत्रात मागितलं होतं. आम्ही दोघंही त्याच पाळण्यात वाढलो. बारसं त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर होतं.

लष्कराच्या मोडीतून जीप घेतल्यापासून दत्तूभाऊ स्वतःला इंजिनिअर समजतात. मागच्या हुकाला त्यांनी घरीच एक लोखंडी कॅरिअर जोडला. त्याच्याआड गाडीचा मागचा दिवा झाकला गेला, म्हणून कॅरिअरला नवा दिवा बसवला. तो लागला. मग सगळं पुन्हा उघडून प्रत्येक तुकड्याला हिरव्या ऑइलपेंटचे तीन हात दिले. रंगानंतर दिवा लावून पाहायची गरज त्यांच्यासारख्या विद्वानाला कशी वाटावी?

तीनला निघालो. भोसरीत भजी चांगली मिळतात, चहाचा एक आणा पडतो. पण दत्तूभाऊंबरोबर तिथं उतरू नका. हॉटेलवाल्याला कॅरिअर दाखवण्यात त्यांनी तास घालवला. मोशीपुढे रस्ता निव्वळ खडीचा. त्यात टायर बसला, आणखी तास गेला. इंद्रायणी ओलांडून कुरुळीजवळ आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दिवे लावून पाहिले. पुढचे लागले, कॅरिअरचा लागेना. अंधार पडल्यावर मागचा दिवा नसेल तर चाकणचा हवालदार गाडी सोडत नाही. दत्तूभाऊंनी दिव्याला दोन चापट्या मारल्या आणि त्यांचं इंजिनिअरिंग संपलं.

रस्त्याकडेच्या विहिरीवर इंजिन दुरुस्त करणारे ज्ञानबा मिस्त्री हात पुसत आले. त्यांनी बल्ब काढून पाहिला, वायर चाचपली आणि म्हणाले, "मास्तर, ह्याला अर्थ न्हाई."

मी शाळेत मराठी शिकवतो. हा तेलकट बंडीतला माणूस मला अर्थ सांगणार!

"अर्थ नाही ते मलाही दिसतंय," मी म्हणालो. "दुरुस्त होतंय का, ते बोला."

"आवो, अर्थच मिळंना तर दिवा कसा लागंल? रंग खरवडावा लागंल."

"रंगाला हात लावायचा नाही!" दत्तूभाऊ ओरडले.

गडी आमची टिंगल करतोय, अशी माझी खात्री झाली. "बल्ब गेला असेल, चाकणला नवा घेऊ," असं मीच ठणकावून सांगितलं आणि निघालो.

चाकणला नवा बल्ब घातला. तोही लागला नाही. दिवस मावळला. हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली.

"अहो, बारशाचा पाळणा आहे," मी म्हणालो.

"मागनं ट्रक येऊन धडकला तर पाळणा ऱ्हाईल का?" तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं, म्हणून जास्तच राग आला.

तासाभरानं ज्ञानबा विहिरीवरचं काम आटोपून सायकलवरून चाकणला आले. मी मान खाली घालून त्यांना हाक मारली. ते दिव्यापाशी बसले, कानशीनं दिव्याच्या बोल्टाभोवतीचा रुपयाएवढा रंग खरवडला आणि नट पुन्हा आवळला. दिवा लागला.

"वीज तारंनं जाती आन् लोखंडातनं माघारी येती. तुमच्या रंगानं माघारीची वाट बंद केल्ती," ते म्हणाले. "लढाईत मी ट्रकांवर हुतो. तितला सायेब ह्याला अर्थ म्हनायचा, म्हून आमीबी म्हंतो."

इंग्रजीतला 'अर्थ', म्हणजे जमीन! सहावीच्या पुस्तकातला शब्द. मॅट्रिक झालेल्या मला तो ओळखता आला नाही, कारण समोरच्याची बंडी तेलकट होती.

खेडला पोचलो तेव्हा बाया घुगऱ्या घेऊन परत चालल्या होत्या. सुमीच्या सासूबाई म्हणाल्या, "शेजारचा पाळणा आणवला होता. हिनं ऐकलं नाही. मांडीवरच नाव ठेवलं."

मी पाळणा बांधला. सुमीनं बाळाला त्यात निजवलं आणि हळूच म्हणाली, "दादा, पाळणा नाव ठेवताना हवा होता रे." ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

परत आल्यावर दत्तूभाऊंनी पहिलं काम केलं ते खरवडलेल्या जागी रंग लावण्याचं. मी त्यांना हसलो नाही. माळ्यावरची पाळण्याची जागा आता रिकामी आहे. ती पाहून समाधान वाटायला हवं, पण वाटत नाही. कुरुळीला मी त्या माणसाला फक्त "म्हणजे काय?" एवढं विचारायला हवं होतं. वर्गात मी मुलांना रोज तेच विचारतो.