दाराजवळची पत्रावळ

माझ्या थोरल्या साडभाऊंइतका पाहुणचाराचा अपमान करणारा माणूस साऱ्या वैनगंगेच्या खोऱ्यात दुसरा झाला नसेल, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. लोक पाहुणे म्हणून येतात, पाय धुतात, गूळपाणी घेतात, आणि मग केव्हातरी हळूच संडास कुठे आहे ते विचारतात. हे गृहस्थ उंबऱ्याबाहेरूनच विचारीत, "मास्तर, संडास मांगं हाये का बाजूले?" मी तेव्हा गोंदियात मास्तरकी करीत होतो आणि मुर्रीच्या वाटेवर दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. देश नुकता स्वतंत्र झाला होता, माझं लग्नही नुकतं झालं होतं, आणि दोन्ही गोष्टींचा मला सारखाच अभिमान होता. अशा घरी बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा पहिल्यांदा येतो, आणि त्याला माझी पुस्तकं दिसत नाहीत, हप्त्यानं घेतलेली आरामखुर्ची दिसत नाही. तो खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून परसात जातो, संडासाच्या दाराची कडी दोनदा लावून उघडून पाहतो, तिथून ओसरीपर्यंतची पावलं मोजतो आणि परत येऊन म्हणतो, "बावीस. चालते." बायको आत तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू आलं नाही.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळून घेतलं असतं. पण मग जेवणाची पाळी आली. बायकोनं सकाळपासून खपून वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, आमरस असा थाट केला होता. साडभाऊ चुलीसमोर उभे राहिले आणि चोरीचा माल ओळखायला बोलावलेल्या माणसासारखे एकेका भांड्यात डोकावले. "बाई," ते म्हणाले, "मले मऊ भात दे, ताक दे, अन् कच्चे केळं उकडून दे. हे बाकीचं सारं तुमी खा." पिशवीतून त्यांनी बेलफळाच्या भुकटीची पुडी काढली आणि ती ताकात टाकून ढवळत बसले. अन्नाबद्दल ते गावातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत. "मिरची बरी मास्तर, सांगून तरी येते. दूध गुमान बसून घात करते. अन् हा तुमचा चहा, हा त चुगलखोर हाये." आमरसाकडे मात्र त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. पुढे त्यांच्या बायकोकडून कळलं की आंबा त्यांचा जीव की प्राण. वर्षातून एकदा, कुठे जायचं नसेल अशा दिवशी, त्यांच्या गावच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर असलेल्या झोपडीत एकटे बसून ते एक आंबा खात. एकच. त्या दिवशी कोणी तिकडे फिरकायचं नाही.

पाचपन्नास घास एकदम खाणं त्यांना मंजूर नव्हतं. दिवसातून पाच वेळा मूठमूठभर खायचं, आणि खाल्ल्यावर पाऊण घटका झाली की गरज असो नसो, लोटा उचलायचा. माझ्या शाळेचे हेडमास्तर खास त्यांना भेटायला आले होते. ते बोलता बोलता शेतसाऱ्यावर आले आणि साडभाऊ वाक्याच्या मध्येच उठून परसात गेले. हेडमास्तर माझ्याकडे पाहत राहिले, मी छपराकडे पाहत राहिलो. रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला तर म्हणतात, "बैलाले रोज एकाच टाइमाले पान्यावर नेलं, त तो आपल्या मनानंच त्या टाइमाले उठते. अंग बी बैलच हाये, मास्तर."

पण माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीवर होता. साडभाऊ पांढरं धोतर कधी नेसत नसत. कावेत रंगवलेलं, तेही दुहेरी. प्रवासाला निघायचं तर आदल्या संध्याकाळपासून अन्नाला शिवायचे नाहीत. आणि चारचौघांत बसले असताना मधूनच गप्प व्हायचे, नजर दूर कुठेतरी लावायचे, ताठ बसायचे, दहापर्यंत आकडे मोजावेत इतका वेळ. मग सैल व्हायचे. पुन्हा ताठ. असं दहावीस वेळा. भगवं धोतर, उपास आणि हे ध्यान, एवढं जमल्यावर आपल्या लोकांना आणखी काय लागतं? लोक त्यांना "महाराज" म्हणू लागले. एकदा मी त्यांना गाडीवर पोचवायला गेलो होतो. फलाटावर त्यांचं ते ताठ बसणं चाललेलं, आणि दरेकशाकडून मोळी घेऊन आलेली एक म्हातारी समोर वाकली, दोन टेंभरं त्यांच्या पायाशी ठेवून हात जोडून उभी राहिली. साडभाऊंनी डोळे वळवून ती फळं पाहिली आणि विंचू दिसावा तसे पाय मागे घेतले. "नोको नोको, हे मले चालत नाई." म्हातारीला त्यात वैराग्यच दिसलं. तिनं आणखी एकदा नमस्कार केला. मला ढोंगाचा पहिल्यापासून तिटकारा. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, तुझ्या भाऊजींचं हे सोंग मी एक दिवस उतरवणार आहे. तो दिवस आला, आणि तो आठवला की आजही मला घास गोड लागत नाही.

त्याआधी त्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण माणसाला एका तरी गोष्टीचा गर्व असतोच. त्यांच्या गावाला मोठं तळं होतं, त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेलं, आणि कोणाच्या धानाला किती पाणी केव्हा सोडायचं हे ठरवणं त्यांच्याकडे होतं. तळ्यातून शेतात पाणी सोडायचं जे दार असतं त्याला तिकडे तुडुम म्हणतात. त्याच्या भोकांत लाकडी खुंटे ठोकून ते बंद ठेवायचं. ते खुंटे साडभाऊ स्वतः तासत, स्वतः बुडी मारून ठोकत, आणि वीस वर्षांत त्यांच्या तुडुमातून वाटीभर पाणी विनाकारण गेलं नाही, हे गावात शत्रूही कबूल करीत.

धाकट्या मेहुणीचं लग्न त्यांच्याच घरी होतं, कारण सासरे वारले होते आणि आम्ही दोघे जावईच यजमान होतो. वैशाखातली दुपार. संध्याकाळी लग्न लागायचं होतं आणि त्याआधी वरपक्षाची पंगत. तिकडची रीत अशी की पाहुण्यांच्या पंगतीत आपल्या बाजूचा एक वडील माणूस त्यांच्या बरोबरीनं जेवायला बसतो. साडभाऊंनी आपली पत्रावळ गुपचूप शेवटी, मागच्या दाराजवळ मांडून घेतली होती, मऊ भात आणि ताकासकट. मी ती पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी ती उचलायला लावली. शंभर माणसांसमोर त्यांचा हात धरून त्यांना मांडवाच्या मध्यभागी, नवऱ्यामुलाच्या बापाच्या शेजारी बसवलं. त्याआधी सकाळी आहेराचं पांढरंशुभ्र धोतरही मीच त्यांना नेसायला लावलं होतं. "मास्तर, ऐका ना माजं," ते हळूच म्हणाले. मी मोठ्यानं म्हणालो, "आज तुमचा उपास सोडवल्याशिवाय व्याही सोडणार नाहीत." व्याही हा आडव्या अंगाचा, खाऊन-पिऊन सुखी शेतकरी. त्यानं स्वतःच्या हातानं बुंदी वाढली, वर तूप ओतलं, मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली. आग्रह मोडायचा नसतो, आणि मेहुणीचं लग्न होतं. साडभाऊ जेवले. मी वाढप्यांच्या मागे उभा राहून विजयानं पाहत होतो.

तिसऱ्या वाढीला ते उठले. पंगत बसलेली असताना मध्येच एक जण उठला की ओळीतल्या सगळ्यांचं अन्न उष्टं झालं असं मानतात, सगळ्यांना हात धुवावा लागतो. ते वाकून, धोतर गोळा करून, मागच्या दारानं निघून गेले आणि पन्नास माणसं अर्ध्या पत्रावळीवरून उठली. व्याही गरजला, "हा कोनता मान हाये? गाड्या जुंपा रे. असं घर नोको आमाले." आत मेहुणीला हळद लागलेली. माझी बायको माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या नजरेत भाऊजींबद्दल राग नव्हता. मी साडभाऊंच्या मागे धावलो, त्यांना फरपटत आणून माफी मागायला लावायची म्हणून.

ते तळ्यात होते. बायका पाणी भरतात त्या घाटावर नाही. तो ओलांडून, भर उन्हात आणखी अर्धा फर्लांग जाऊन, म्हशी डुंबतात त्या कोपऱ्यात, छातीभर पाण्यात उभे. "तिथंच थांबा मास्तर," ते म्हणाले, "इकडचं पानी खराब झालं हाये." मी थांबलो. त्यांनी पाण्याकडे पाहत सगळं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मूळव्याध झाली होती. बाजारात आलेल्या एका वैदूनं चिरा दिला. "तवापासून मागचं दार नीट लागत नाई. मऊ भात, केळं, बेल खाल्लं अन् टाइम सांभाळला त निभते. ते दहा मोजत आवळून धरनं बी त्याच्यासाठीच हाये, काही जप नाई. पांढऱ्या धोतरावर दिसते म्हनून काव. माज्या बायकोले माहीत हाये, अन् आता तुमाले." मग विचारलं, "पोरीचं लगन मोडलं का?"

मला त्या क्षणी कोणाचा राग आला ते सांगता येत नाही. त्या वैदूचा आला, व्याह्याच्या तुपाचा आला, अन्न घशात कोंबण्याला मान म्हणणाऱ्या आपल्या साऱ्या जातीचा आला. आणि ज्यानं त्यांचा हात धरून त्यांना मध्ये बसवलं त्याचा आला. मी तसाच मांडवात परतलो आणि आयुष्यातलं सर्वांत चांगलं खोटं बोललो. तुडुमाचा खुंटा निसटला होता, म्हणालो. साडभाऊंना ते कळलं म्हणून ते पंगतीतून उठले, नाहीतर ऐन वैशाखात गावाचं पाणी वाहून गेलं असतं आणि गुरं तहानेनं मेली असती. गाडी जुंपणारे हात थांबले. व्याह्याचा चेहरा निवळला. कोणी तरी "शाबास" म्हणालं. लग्न वाचलं होतं, आणि त्यांची लाजही.

तेवढ्यात साडभाऊ ओले, गावातल्या कोणाचं तरी जुनं लुगडं गुंडाळून मागच्या दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी इतका संतापलेला माणूस त्यानंतर पाहिला नाही. "मास्तर, कायले खोटं बोलून राहिले? माजा खुंटा निसटला?" "वीस वर्सं झाले, माजा खुंटा निसटला नाई. जा, कोनी बी जाऊन पाहा. तुडुम पक्कं हाये. माजं पोट पक्कं नाई. मले हागवन सांभाळत नाई, म्हनून उठलो. समजलं?"

मग मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि आणखी दोघं. त्या हसणाऱ्यांची तोंडं मला अजून आठवतात आणि अजून माझी मूठ वळते. त्या हशावरून पुढे कित्येक वर्षं गावात एक चावट म्हण चालली, ती मी इथे लिहिणार नाही. व्याही मात्र हसला नाही. तो कंबरेवर हात ठेवून साडभाऊंसमोर येऊन उभा राहिला. "मंग पयलेच काऊन नाई सांगितलं?" तो म्हणाला. आणि वाढप्यांकडे वळून, "नव्या पत्रावळी मांडा. यांची दाराजवळ मांडा. मऊ भात आना." मग खालच्या आवाजात त्यानं साडभाऊंना विचारलं, "हे बेल कसं घ्यायचं म्हनता? माज्या मायले बी असंच हाये. पाच वर्सं झाले, घराभायेर पडत नाई."

त्यानंतर तळ्याच्या पाळीवर लोक येऊ लागले. बाळंतपणात फाटलेल्या बाया, म्हातारे, आजारातून उठलेले. ते पाण्याकडे तोंड करून बोलत, आणि साडभाऊ अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "कायची लाज? मऊ भात खा. जेवल्यावर रोज एकाच टाइमाले बस. दहा मोज." आमच्या घरी आले की पूर्वीसारखेच उंबऱ्यातून संडास विचारीत आणि बावीस पावलं मोजीत, जशी काही गेल्या खेपेपासून जमीन ताणली गेली असेल. मी त्यांची माफी मागितली नाही. मागायची होती, पण ते दरवेळी माझ्या बायकोच्या स्वयंपाकात काहीतरी खोट काढीत आणि मला राग येई, आणि रागात राहून जाई. मग ते गेले. शेवटच्या वैशाखात त्यांनी दोन आंबे खाल्ले, असं त्यांची बायको सांगते.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून खूप म्हातारा आहे, आणि माझंही दार गेली तीन वर्षं नीट लागत नाही. डॉक्टर छापील कागद देतो, त्यावर साडभाऊंचंच सगळं असतं, फक्त बैल नसतो. परवा त्यांच्या गावी लग्नाला गेलो. मांडवाच्या शेवटी, मागच्या दाराजवळ एक पत्रावळ वेगळी मांडलेली होती, शेजारी ताकाचा लोटा. वाढणाऱ्या मुलाला विचारलं, ही कोणासाठी? म्हणाला, "माहीत नाई आजोबा. आमच्याकडे मांडतेत." मी तिथे बसलो. त्यानं मऊ भात वाढला आणि एका शब्दानंही आग्रह केला नाही. जेवण्याआधी मात्र मी उठून मागच्या दारापासून संडासापर्यंतची पावलं मोजून आलो होतो. एकोणीस. चालते.