मंगलाचरणाचे दहा सेकंद

एका अन्यायाला वाचा फोडणं आता भाग आहे. आमच्या मराठी मंडळात माझ्या सूचना कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

पूर्वी मी त्या लिहीत असे. पण हैदराबादेतल्या आमच्या पुढच्या पिढीला मराठी वाचताना धाप लागते, म्हणून हल्ली व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवतो. सालंकृत, साडेतीन मिनिटांची सूचना... आणि उत्तरादाखल पाचव्या सेकंदाला एक अंगठा.

गेल्या रविवारी जामबागला एका शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. विषय गंभीर, वाचनालयाच्या कपाटाला लागलेली वाळवी. या वेळी माणसं जमवायचीच, असं मी ठरवलं.

मागे मोबाईलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी झाली होती, आठवतंय ना? बायकोचा फोन किंचाळत सुटला, माझा नेहमीप्रमाणे मौनात. तिला तो बंद करता येईना, तेवढ्यात मी तो आवाज माझ्या फोनवर टिपून ठेवला होता. कशाला, ते विचारू नका...

ग्रंथारंभी मंगलाचरण असतं, तसे त्यातले दहा सेकंद मी सूचनेच्या आधी जोडले. मग धीरगंभीर आवाजात, "सर्वांनी सायंकाळी पाच वाजता हॉलमध्ये जमावे." वाळवी पुढे, तिसऱ्या मिनिटाला.

बायको म्हणाली, "हे काही बरं दिसत नाही." मी तिला प्रयोजन समजावून सांगितलं. आणि माणसं आली की... खुर्च्या कमी पडल्या.

सव्वापाचला गौलीगुड्याच्या सुमनकाकू दारात. एका हाताला काका, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी. पक्षाघात झाल्यापासून काका दवाखान्याशिवाय दुसऱ्या मजल्यावरून उतरलेले नाहीत. मला वाटलं, वाचनालयावर केवढी ही माया...

काकूंनी हॉलभर नजर फिरवली. "बाकीच्यांचं सामान कुठंय?"

पिशवीत काकांची औषधं, घराची कागदपत्रं, दोन स्वेटर आणि चिवड्याचा डबा होता.

"अहो, तुम्हीच जमा म्हणालात ना? भोंगा वाजला, पुढे तुमचा आवाज. गॅस बंद केला, ह्यांना धरून हल्लू हल्लू उतरले. ऑटोवाला पण परेशान. काय झालंय शहरात, सांगा तरी."

"वाळवी," मी म्हणालो.

काका तेवढे हसले.

तारनाक्याचे कांबळेसाहेब रेल्वेतून निवृत्त झालेत. ते हळूच म्हणाले, "पंडितजी, आमच्याकडे उगाच साखळी ओढली तर दंड होतो. आणि सायरन कार्यक्रमांत वाजवू नका, असं सरकारनं टीव्हीवाल्यांनाही सांगितलंय. रोज ऐकून लोक निर्ढावतात."

घरी येऊन मी शोधशोध केली. त्या सरकारी सूचनेत चॅनलांचा उल्लेख सापडला, भोंग्याचा सापडला. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप समूहाचा काही सापडला नाही. शिवाय मी जोडलेला आवाज भोंग्याचा नव्हे, फोनचा... म्हणजे मी दोषी की निर्दोष?

त्यात चाचणीच्या संदेशात लिहिलेलं, की याकडे दुर्लक्ष करा. मग तोच आवाज ऐकून कधी बसून राहायचं आणि कधी पळायचं? पाणिनीच्या सूत्रांतून मी वाट काढली आहे, इथे मात्र पुरता गोंधळलो.

माफी मी हॉलमध्येच मागितली होती. काकू रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. मी आणि काकूंनी मिळून काकांना ऑटोत बसवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज होता म्हणून निघाले हो. नाहीतर मी कुठली उठतेय? आता पुन्हा वाजलं की आधी तुम्हालाच फोन लावीन. तुम्ही खरं म्हणालात, की मगच ह्यांना उठवीन."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो...

तेव्हापासून माझा फोन मोठ्या आवाजावर आहे. अंघोळीला जाताना बायकोकडे देऊन जातो. ती नुसती घेते.

पण काकांना तो जिना उतरायला वीस मिनिटं लागतात. खरोखर वाजेल त्या दिवशी त्याआधीची किती मिनिटं मला फोन लावण्यात जातील, याची मला भीती वाटते.