कुठं काय खावं

धरणाकाठच्या आमच्या गावात कुठं काय खावं, हे पाटबंधारे कचेरीतल्या एका कारकुनाला तोंडपाठ होतं. नवा माणूस दिसला की सुरू व्हायचे. मासळी धरणाच्या भिंतीखालच्या टपरीवरची, भजी एसटीडी बूथशेजारची, मटण जवळा बाजार गावचं. बाकी सगळं बेचव. रांधणारा कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. उलट माझ्याकडे बघून मुद्दाम म्हणायचे, "जिभेला जात नसती, मास्तर."

मी खुळा, ते खरं धरून बसलो. घर बांधलं तेव्हा त्यांना जेवायला बोलावलं. आईनं सकाळपासून खपून पुरणपोळ्या केल्या. ते आले, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघून खुर्चीच्या कडेवर टेकले.

"आज सोमवार. उपास हाय मास्तर."

त्यांच्या बोटांना तळलेल्या मासळीचा ताजा वास येत होता.

आईला हे नवं नव्हतं. तिनं वाढलेलं ताट उचललं आणि सालासकट दोन केळी पुढं ठेवली. आमचा हात सालीलाच लागलेला, म्हणून ती चालली. सावकाश सोलून दोन्ही खाल्ली आणि मिशी पुसत म्हणाले,

"केळं खावं तर वसमतचं, मास्तर."