मास्कच्या कापडाची पिशवी

सोमवारी सकाळी माझा आवाज घोगरा निघतो. शनिवारी काम आटोपून वाशीमच्या खोलीवर आले की दार लावते, आणि मग अख्खा रविवार तोंड उघडायचं कारण नसतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तिचा फोन येतो, पण बोलता बोलता तिचा कुकर शिट्टी देतो आणि ती म्हणते, "आई, करते नंतर." तर सोमवारी एसटीत बसून "रिसोड, एक" म्हणायला जाते, आणि आधी नुसतं खाकरावंच लागतं. कंडक्टरने एकदा विचारलं, "मॅडम, सर्दी झाली काय?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय सांगणार त्याला.

माझं काम लोकांना प्रश्न विचारायचं. कोरोनाच्या साथीत घरात कोणती औषधं आणली, कोणाच्या सांगण्यावरून घेतली, सरकारी दवाखान्यातून काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि उरलेल्या गोळ्यांचं पुढे काय केलं, हे लिहून पुण्याच्या एका संस्थेला पाठवायचं. तिथल्या मॅडम फोनवरून सूचना देत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या नोकरीत कळलं. त्यांची एक सूचना पक्की होती: फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. आता मी वऱ्हाडातली बाई, राग नाकावर, आणि सल्ला तर न मागता देणार. एका घरी बाईने गोळ्यांची पट्टी कात्रीने मधोमध कापून अर्धी शेजारणीला दिलेली. औषधाचं नाव गेलं शेजारणीकडे, हिच्याकडे नुसत्या गोळ्या. कशाच्या म्हणून विचारलं, तर म्हणे, "बिमारीच्या." ओठ चावून गप्प बसले.

रिसोडला बाजाराच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या शिंप्याचं घर, सगळे त्यांना चाचा म्हणत. एकच खोली, दाराशी शिलाईचं मशीन. जन्मभर पायजमे आणि शर्ट शिवले. चाची साथीच्या आधीच गेल्या होत्या, दोन्ही मुलगे कामापायी सुरतेला. साथीत चाचांना लागण झाली तेव्हा ते या खोलीत एकटेच होते. आरोग्य खात्याची आशाताई रोज दारातून त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून जायची. बरे झाल्यावर त्यांनी गल्लीभर मास्क शिवून वाटले, आणि उरलेल्या कापडाची एक लांब पिशवी शिवली. तिला ओळीने कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक औषध. इतकी नीटनेटकी मांडणी मी कुठल्याच घरी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, चला, हे घर तासाभरात उरकेल.

कसलं उरकतंय. चाचांनी पहिल्या कप्प्यातून तापाच्या गोळ्यांची पट्टी काढली, ती कशी आणली, कोणी आणून दिली, खाल्ल्यावर घाम कसा फुटला, हे सगळं रंगवून सांगितलं. चहा केला. मग पिशवीची घडी घालून म्हणाले, "बाकीचं पुढल्या खेपेले."

"चाचा, मले एकाच खेपेत सारं लिहायचं असते."

"मी बुढा मानूस. एका दिवसात सारं आठवत नाही, बाई."

असे आमचे सोमवार सुरू झाले. एका सोमवारी काढ्याची पुडी. एका सोमवारी होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या. पुण्याच्या मॅडमनी विचारलं, "एकाच घरी इतके दिवस कशाला?" मी म्हटलं, "माणूस तपशिलात सांगतो." खोटं नव्हतं ते. पण खरं सांगायचं तर सोमवारी मला कोणीतरी "या बाई, बसा" म्हणायचं, आणि मी चिडले की हसायचं. माझ्या चिडण्यावर हसणारं माणूस घरात होतं त्याला किती काळ लोटला.

एकदा चहा पिताना चाचा म्हणाले, "त्या बिमारीत बरं होतं पाहा."

मी कप खाली ठेवला. "काय बरं होतं? लोकं मरून राह्यले होते."

"मरून राह्यले होते, खरी गोष्ट. पन मले रोज कोणी ना कोणी पुसे. आशाताई पुसे, नगरपालिकेवाला फोन करे, गल्लीतलं कोणी दारात डबा ठेवे. चाचा, जेवले काय? चाचा, दम तं नाही लागत? मंग बिमारी गेली. आता कोणी पुसत नाही, जेवलो काय म्हनून."

गरज सरो नि वैद्य मरो, अशी म्हण आहे. इथं साथ सरली, वैद्य धडधाकट होते, आणि चाचांच्या दाराशी कोणी येत नव्हतं. हे मी लिहून घेतलं नाही. मला त्या गोष्टीसाठी प्रश्नच दिलेला नव्हता.

पिशवीचे कप्पे संपत आले होते. मीही शेवटच्या कप्प्यांकडे धास्तीने बघत असे, ते कबूल करते. पण गंमत अशी की कप्पे संपेनात. जो कप्पा मागच्या खेपेला सपाट दिसला होता, तो पुढच्या खेपेला फुगलेला. चाचा म्हणत, "ही राहून गेली होती." त्याच सुमारास त्यांचा चेहरा भरला, गाल वर आले. मला वाटलं, तब्येत सुधारली. तसं म्हटलंही. चाचा खूश झाले.

मग एका सोमवारी त्यांनी एक पट्टी पुढे केली. अर्ध्याहून जास्त गोळ्या काढलेल्या. "हे शेवटी शेवटी देल्लं होतं, छातीसाठी." मी नेहमीसारखं नाव उतरवायला पट्टी उलटी केली. गोळी स्टिरॉइडची होती, साथीत गावोगाव वाटली गेली तीच. खाली तारीख होती. औषध बनवलं होतं याच वर्षी.

माझं डोकं फिरलं. "चाचा, हे काय लावलं तुमी? साथ जाऊन किती काळ झाला, आन् हे औषध आत्ताचं आहे. मले येडी समजता काय? माझी सारी मेहनत पाण्यात गेली."

चाचा मशीनच्या चाकावर हात फिरवत बसले. मग हळूच म्हणाले, "पिशवी सरली होती, बाई. मेडिकलवर गेलो, कोरोनाच्या गोळ्या दे म्हटलं. त्यानं देल्ल्या."

"आन् यातल्या गोळ्या कुठी गेल्या?"

"खाल्ल्या. पाकीटच देल्लं होतं, महिन्याचा रोज खाऊन राह्यलो."

"खाल्ल्या? काहून?"

"भरली पट्टी दाखवली असती तं तुमी म्हटलं असतं, हे तं नवं आहे."

"मंग काढून फेकाच्या होत्या."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही भलतं बोलले. "दवाई फेकतात काय? अन्न आन् दवाई फेकत नसतात, बाई. बेअदबी होते."

तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. गाल भरलेले नव्हते, सुजलेले होते. पायांवर सूज, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला. कोपऱ्यात पाण्याचे दोन तांबे. तहान फार लागते, म्हणाले. त्यांना साखरेचा आजार होता, हे त्यांनी मला पहिल्याच सोमवारी सांगितलं होतं. फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. गेली खड्ड्यात ती सूचना. ऑटो बोलावला आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. साखर मोजली आणि त्यांचा चेहरा बदलला. या गोळ्यांनी साखर चढते, अंगही सुजतं, म्हणाल्या. पट्टी हातात घेऊन त्यांनी चाचांना विचारलं, "कशासाठी घेत होता तुम्ही या गोळ्या? काय त्रास होत होता?"

चाचा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "या बाई येत होत्या, म्हनून."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला भयंकर वाईट वाटत होतं, आणि त्यातच, मेलं, बरंही वाटत होतं. माझ्या येण्यासाठी कोणी काही केल्याला किती काळ झाला होता.

"बऱ्याच दिवसांपासून चालू आहेत, एकदम बंद नाही करता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळूहळू कमी करत आणू. घरी कोण लक्ष ठेवेल?"

"मी ठेवते."

"तुम्ही यांच्या कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

पुण्याला सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ते घर वगळा. मग विचारलं, "तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलंत? ते आपलं काम नव्हतं." मी म्हटलं, "कोणाचं होतं ते सांगा, त्याला फोन लावते." त्यांनी विषय बदलला. रिसोडची घरं संपली होती, आता मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची, इंझोरीकडची गावं दिली. कामाच्या दिवशी रिसोडला जायचं कारण उरलं नाही.

म्हणून मी रविवारी जाऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याच्या गोळ्या त्याच पिशवीच्या कप्प्यांत घालून द्यायच्या, आधी पूर्ण, मग अर्धी, मग एक दिवसाआड. सूज उतरली. गाल पुन्हा बसले. चाचा पुन्हा म्हातारे दिसू लागले, आणि मला ते पाहून हायसं वाटलं.

शेवटची अर्धी गोळी संपली त्या रविवारी चाचांनी चहा केला नाही. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सगळे कप्पे सपाट.

"झालं मंग," ते म्हणाले. "आता कायले यान तुमी."

मी बसमध्येच ठरवून आले होते. झोळ्यातून कापड काढून मशीनवर ठेवलं. निळ्या रेघांचं, जाडसर. "उशीच्या खोळी शिवून द्या."

त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. "किती पाह्यजे?"

"दोन."

"घरी किती मानसं तुमच्या?"

"मी एकटीच."

"मंग दोन काहून?"

मी दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, जमेना, तर मी ओवून दिला. मशीन सुरू झालं. एक खोळ शिवून होईस्तोवर मीच चहा केला. दुसरी सहज झाली असती, कापड होतं, उजेडही होता. चाचांनी पहिल्या खोळीची घडी घातली, माझ्या हातात दिली, आणि उरलेलं कापड मास्कच्या पिशवीत ठेवून दिलं.

"दुसरी पुढल्या खेपेले," म्हणाले.

"मले घाई नाही," मी म्हटलं.