काकी, जरा पोस्टला येशील मगे?

“काकी गो, जरा पोस्टला येशील मगे?”

हे वाक्य निकिताच्या तोंडून पूर्ण बाहेर पडेपर्यंत समोरच्या पोरीने तिच्या हातातला चेंडू काढून घेतला, पलीकडे नेला, बास्केटमध्ये टाकला आणि ती परतसुद्धा आली. त्या संध्याकाळी डिचोलीच्या आमच्या कोर्टावर हे पाचव्यांदा घडत होतं. मी तोंडातली शिटी काढली.

“निकिता! खेळतेस की आमंत्रण देतेस? नारळ-विडा आणून ठेवू का हातात?”

“सॉरी, मॅडम.”

“सॉरी मला नको. काकीला पोस्टला धाड!”

ती माझ्याकडे बघतच राहिली. काकीच्या थोबाडीत मार म्हणून मी सांगितलं असतं तरी ती एवढी घाबरली नसती.

पोस्ट म्हणजे बास्केटच्या अगदी जवळची जागा. टीममधली उंच बाई तिथे पाठ लावून उभी राहते, चेंडू घेते, वळते आणि टाकते. पण तिथे कधी जायचं हे तिने ठरवायचं नसतं. ते पॉइंट गार्ड ठरवते. चेंडू खेळवत पुढे आणणारी आणि बाकी चौघींना कुठे जायचं ते सांगणारी, ती पॉइंट गार्ड. चवथीला घरात दहा बायका रांधत असतात, पण आता वडे सोडा, आता खतखतं उतरवा, हे एकच बाई सांगते ना? तशी. ती गप्प बसली तर खतखतं करपणारच.

आता माझ्याबद्दल थोडं. माझं नाव मंदा. बँकेत नोकरी केली, पण बँकेने मला घेतलं ते बास्केटबॉलसाठी. गोव्याच्या महिला टीमची बरीच वर्षं कॅप्टन होते. मी कोर्टावर ओरडले की बस स्टँडवरचे ड्रायव्हर ब्रेक मारायचे, असं लोक सांगतात. थोडं वाढवून सांगतात. थोडंच. आता पेपरात माझ्या नावामागे ‘दिग्गज’ लिहितात. दिग्गज म्हणजे गुडघे गेलेला खेळाडू, एवढाच त्याचा अर्थ. निवृत्तीनंतर मी पोरींना शिकवते.

निकिता लाटंबार्स्याची. वय सतरा, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. असे हात मी आयुष्यात दोघींचेच बघितले, आणि त्यातली एक मी. तिला ड्रिबल, म्हणजे चेंडू टप्पे देत पळवणं, शिकवलं तिच्या काकीने, म्हणजे आमच्या सुलक्षाने. सुलक्षाचं माहेर पेडण्याचं. लग्नाआधी ती माझ्याच हाताखाली खेळायची, आणि मूल शाळेत जायला लागल्यावर परत आली. जवळजवळ सहा फूट उंच. काजूच्या दिवसांत त्यांच्या अंगणात बिया वाळत घातलेल्या असतात. एकाही बीला चेंडू लागता कामा नये, अशा अटीवर काकीने पुतणीला त्या अंगणातून ड्रिबल करायला लावलं. मग पोरगी तयार होणार नाही तर काय!

पण त्या घरची एक रीत होती. घरातला सगळा कारभार सुलक्षा बघते. निकिताची आई अंगणवाडीत असते, त्यामुळे काय रांधायचं, कोणी काय करायचं, हे काकी सांगणार. पोरं काकीला ‘तू’ म्हणतात, तिच्याशी मस्करी करतात, तिच्या ताटातलं खातात. पण काकीला काम सांगायचं नाही. विचारायचं. ‘करशील मगे?’, म्हणजे ‘करशील ना?’, असं लाडीगोडीने. घरात ही रीत फार चांगली. कोर्टावर मात्र चोवीस सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, आणि त्यातले आठ सेकंद आमचे विनवण्यातच जात होते.

एरवी मी सहा महिने घेतले असते. पण माझ्या हातात सहाच दिवस होते. गोव्याच्या टीममध्ये गार्डची एकच जागा उरलेली. रविवारी फोंड्याला दक्षिण गोव्याच्या पोरींशी मॅच, आणि तीच ट्रायल. सिलेक्शन कमिटीचे सर आदल्या शनिवारी आमची प्रॅक्टिस बघून गेले होते. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “मंदा, पोरगी फास्ट आहे. पण मुकी पॉइंट गार्ड घेऊन मी काय करू? रविवारी तोंड उघडलं तर बघतो. नाहीतर मडगावची एक तयार आहे.”

आणि दुसरी गोष्ट मला सुलक्षाने सांगितली. निकिताच्या वडिलांनी एका वर्षाचीच परवानगी दिली होती. यंदा टीममध्ये आली नाही तर खेळ बंद. निकिता स्वतः हे मला कधी बोलली नव्हती. बोलत नाही हाच तर तिचा रोग.

सोमवारी मी माझा जुना उपाय काढला. ओरडायचं. निकिताला कोर्टाच्या एका टोकाला उभी केली, सुलक्षाला दुसऱ्या टोकाला.

“नावाने हाक मार. नुसतं ‘सुलक्षा’. कोर्टावर नाती नसतात.”

पोरीने श्वास घेतला. “सुल...” मान खाली. “सुलक्षा... काकी.”

सगळ्या पोरी हसून लोळल्या. सुलक्षा लांबून ओरडली, “मार गो नावाने! मी काय खाणार आहे तुला?” तरी तेच. आठ वेळा सुलक्षा, आठ वेळा मागे काकी. माझा घसा बसला. तिचा आवाज काही निघाला नाही.

बुधवारी म्हटलं, जाऊ दे तोंड, हात वापर. टीममध्ये खुणा असतातच. मूठ वर केली की उंच बाईने पोस्टला जायचं. दोन बोटं दाखवली की कोपऱ्यात जायचं. निकिताला हे आवडलं. मीपण खूश. खेळ सुरू झाला. चेंडू पुढे आला. सुलक्षा आपली तिथेच उभी.

“अगो, मूठ दाखव!”

“दाखवली, मॅडम.”

“कुठे?”

तिने हात दाखवला. मूठ होती. पण मांडीच्या बाजूला, शॉर्ट्सच्या घडीत लपवलेली.

“काकीला मूठ कशी दाखवू, मॅडम?” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी. “बरं दिसत नाही.”

मी बेंचवर जाऊन बसले. चाळीस वर्षं या खेळात काढली, हा प्रॉब्लेम मला कोणी सांगितला नव्हता. आणि खरं सांगू? त्या पोरीचा राग येत होता तेवढीच मायाही येत होती.

शुक्रवारी मी लाटंबार्स्याला त्यांच्या घरी गेले. वडिलांशी बोलू, आणखी एक वर्ष मागून घेऊ, असा विचार होता. वडील बागेत काजूची बोंडं गोळा करायला गेलेले. अंगणात बिया वाळत होत्या, सगळीकडे बोंडांचा वास. निकिताने चहा आणला, पण त्याआधी आत जाऊन विचारून आली, “काकी, मॅडमना खारे काजू दिले तर चालतील मगे?” हे मी कानांनी ऐकलं. सुलक्षानेही ऐकलं. ती पायरीवर येऊन बसली.

“मॅडम, चूक तिची नाही,” ती म्हणाली. “पाच दिवस तुम्ही कोर्टावर शिकवताय. ती शिकलीय ते इथे, स्वयंपाकघरात. बारा वर्षं मी सांगतेय आणि ती ऐकतेय. मोडायचं तर इथेच मोडायला हवं.”

“म्हणजे काय करणार?”

“उद्या दिवसभर घर ती चालवणार. मी तिच्या सांगण्याशिवाय जागेवरून उठणार नाही.”

मी हसले. मला वाटलं, रडारड होईल आणि उपाशी राहाल.

रविवारी सकाळी फोंड्याला जाताना गाडीत सुलक्षाने शनिवारची हकीकत सांगितली. निकिता शेजारी खिडकीतून बाहेर बघत, कान लाल करून बसली होती.

“साडेआठपर्यंत घरात कोणाला चहा नाही, मॅडम! ही येते आणि विचारते, काकी, चहा ठेवशील मगे? मी म्हटलं, विचारू नको, सांग. परत विचारते. मी ढिम्म. आमचे हे बाहेर आले, चहा खंय? म्हटलं, पुतणीला विचारा.”

“मग?”

“मग पोदेर पाव घेऊन आला. भोंपू वाजवून वाजवून पुढे निघाला. घरात एक पाव नाही. तेव्हा हिने काय केलं, खिडकीतून ओरडली, ‘काकी, उठ! पाव घे! उंडे कडक बघून घे!’ मी अशी धावले की चप्पल घालायची विसरले. दुपारी हिने आपल्या बाबांना सांगितलं, हात धुवून बसा. ते आले की मुकाट्याने! आल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते.”

गाडीतल्या सगळ्या पोरी खिदळत होत्या. निकिता पुटपुटली, “बाबांना पण ‘बसाल मगे’ म्हणणार होते. वेळ नव्हता.”

मॅच सुरू झाली. पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा मौनव्रत. समोर गॅलरीत कमिटीचे सर मांडीवर वही घेऊन बसलेले. मग दक्षिणेच्या पोरींनी एकदम सहा पॉइंट घेतले, आणि मला ऐकू आलं, “काकी, पोस्ट!”

दोनच शब्द. काकी गेली, चेंडू आला, बास्केट. मी बेंचवरून एवढ्या जोरात उठले की पाण्याची बाटली लवंडली. पुढच्या वेळी, “काकी, कोपरा! रोशनी, पळ!” रोशनी म्हणजे आमोण्याची आमची शूटर, लांबून टाकणारी. काकी म्हणणं काही सुटलं नव्हतं. पण आता पोरगी विनवत नव्हती.

शेवटचे वीस सेकंद उरले तेव्हा आम्ही एका पॉइंटने मागे होतो. मी टाइमआउट घेतला. पोरी घामाने निथळत भोवती उभ्या राहिल्या. मी बोर्डावर रेघा ओढायला सुरुवात केली. चेंडू सुलक्षाला, पोस्टमध्ये, सुलक्षा डावीकडून वळणार आणि टाकणार. हा माझा शॉट. याच शॉटवर माझं नाव झालं. मी मनातल्या मनात तो टाकूनही मोकळी झाले होते.

“मॅडम, नको.”

मी वर बघितलं. निकिता.

“काकीवर दोघी येतायत,” ती म्हणाली. यालाच आम्ही डबल टीम म्हणतो, एकीवर दोघींनी धावून जायचं. “गेल्या तीन वेळा आल्या. काकी पोस्टला जाईल, पण चेंडू तिला नाही. चेंडू कोपऱ्यात रोशनीला.”

“अगो, मी चाळीस वर्षं...”

“मॅडम, तुम्ही बसा.”

सुलक्षाने टॉवेल तोंडात कोंबला, तिचे खांदे हलत होते. शिटी वाजली आणि पोरी कोर्टात गेल्या. मी बसले.

“काकी, पोस्ट!” निकिता ओरडली. बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं असेल. काकी धावली, तिच्यावर दोघी धावल्या. कोपऱ्यात रोशनी एकटी, जवळपास कोणी नाही. चेंडू तिच्या हातात असा आला की तिला फक्त टाकायचा होता. तिने टाकला. चेंडू रिंगवर एकदा फिरला, थोडा थांबला आणि बाहेर पडला.

आम्ही एका पॉइंटने हरलो.

निकिता माझ्याकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडलेला. “मॅडम, सॉरी.”

“शॉटबद्दल असेल तर नको. शॉट बरोबर होता. मी सांगितलेला दोघींनी मिळून अडवलाच असता.” हे बोलायला मला बराच त्रास झाला, पण खरं ते खरं.

“बसा म्हटल्याबद्दल.”

“त्याचं मग बघू.”

तेवढ्यात कमिटीचे सर खाली आले. वही मिटलेली. मी म्हटलं, “आता मुकी म्हणू नका, म्हणजे झालं.”

“मुकी?” ते हसायला लागले. “मंदा, तुला ‘बस’ म्हणायची छाती इतक्या वर्षांत आमच्या कमिटीत एकाची झाली नाही. पोरगी घेतली.”

निकिता तिथेच खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. मी पण थोडी रडले. घाम पुसल्यासारखं केलं.

सुलक्षाने पर्समधून फोन काढला आणि घरी लावला. निकिताच्या वडिलांना, म्हणजे तिच्या मोठ्या दिरांना. लग्न झाल्यापासून ती त्यांच्याशी चार शब्दांपेक्षा जास्त बोलली नसेल, आणि तेही पदर सावरून. आता जर्सी घामाने भिजलेली, केस सुटलेले.

“भावोजी, निकिता टीममध्ये आली. पुढच्या वर्षी पण ती खेळणार.” मग थोडं थांबून, “नाही, भावोजी. विचारत नाही. सांगतेय.”

सुलक्षा कानाला फोन लावून ताठ उभी. निकिता तिच्याकडे बघत होती, रडायचं विसरून. मग फोनमधून “बरं तर” एवढं आलं, ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

कोच व्हायचं ठरवलेल्या माझ्या जुन्या पोरी अधूनमधून सल्ला विचारायला येतात. त्यांना मी एकच सांगते. मोठ्यांना सांगायला शिकवा, जरूर शिकवा. पण पोरगी शिकली की पहिल्यांदा आपल्यालाच सांगते. तेव्हा बेंचवर स्वतःपुरती जागा आधीच करून ठेवा.