पिंपळाचं अर्धं पान

"हात पुढं कर," म्हणे.

मी केला. चारचौघांत, देवळासमोरच्या पारावर, भर दुपारी. माही आठ महिन्याची पोरगी बाजूच्या लिंबाले बांधलेल्या झोळीत रडून राह्यली होती, अन् मी हात पुढं करून उभी.

मनगटाच्या वर पिंपळाचं पान गोंदलेलं. आमच्या बुद्धाच्या झाडाचं. लग्नाआधी भीमजयंतीच्या मेळ्यात मशीनवाल्याकडून काढलं होतं.

देवस्थानचा अध्यक्ष होता तो. पान पाह्यलं अन् हसला. "आमच्या देवाचं झाड तुह्या हातावर काऊन वं? पुसून टाक, मंगच झाडाले शिव."

काम असं होतं. संग्रामपूरकडल्या गावागावातले जुने झाडं मोजाचे. कुठं हायेत, किती हायेत, बरे हायेत का रोगट. मोजणीवाले सर आकडे फोनात भरत, टेप मी धरो. छातीइतक्या उंचीवर घेर घ्याचा, मंग लाकडी हातोडीनं चारी अंगानं ठोकाचं अन् कान लावाचा. चांगलं झाड ठस्स वाजते. पोकळ झाड मडक्यावानी. शाळा नववीतच सुटली माही, पण हे आयकनं मले पक्कं जमलं. सर म्हणत, "ताई, तुमचा कान मशीनपेक्षा बरा."

त्या दिवशी ठोकलं तं पिंपळ मडक्यावानी वाजला. कान लावला, आत काही नाहीच. अन् वरची मोठी फांदी नेमकी पारावर आलेली, जिथं अंगणवाडीचे लेकरं रोज खिचडी खाले बसतात.

सरायले सांगाच्या आधी घेर घ्यावा म्हून टेप लावली, अन् झाडाभोवती उलटी फिरली. तेवढीच माही चूक. त्या पिंपळाले बाया सोमवती अमावस्येले सुलट्या फेऱ्या घालतात, सूत गुंडाळतात. मी त्याच सुतावरून टेप ओढली, उलट्या बाजूनं, पायात चप्पल. मोजाले काय उलटं अन् काय सुलटं. पण पारावरचे माणसं उठले. लुगड्यावर घातलेल्या शर्टाची बाही वर चढवलेली होती, तं हात दिसला.

अध्यक्षानं खिशातल्या डबीतला चुना काढला, नारळाची शेंडी देली. "घास."

मी सरांकडं पाह्यलं. सर फोनात पाहत होते.

"घासा ना ताई," म्हणे. "वाद नको. आपलं काम अडतं."

मी घासलं. खोटं काऊन सांगू, भेली होती मी. पोरगी रडे अन् मी घासो. आधी लाल झालं, मंग सालटं निंगालं, मंग रगत. चुना त्यात शिरला तं डोळ्यापुढं अंधारी आली. एकजण म्हणे, "मशीनचं हाये ते, असं नाही जात. सळई तापवा." सारे हसले.

अध्यक्ष म्हणे, "तुही सासू आमच्या वावरात निंदाले येत होती. तिच्या हातावर तं मारुती हाये. तुलेच काऊन देव जड झाला?"

खरं होतं. सासूच्या हातावर मारुती हाये, लहानपणी तिच्या मायनं गोंदून देला. तोच मारुती हातावर घेऊन ती याच देवळाच्या पायरीखाली उभी राहे. परसाद वरून टाकत. मारुतीवाला हात बी त्याह्यले बाटलेलाच दिसे.

माहा हात तिथंच थांबला. मनात म्हटलं, मंग मी काय पुसून राह्यली? पान गेलं तरी हात तं माहाच राहीन.

"आता झाडाले हात लागला तिथं पदरानं पूस," अध्यक्ष म्हणे. मी नाही पुसलं.

सरांनं घाईघाईनं कागद काढला. "निरोगी लिहितो. पोकळ लिहिलं तर फांदी तोडावी लागेल, गाव अंगावर येईल. करा सही." ठोकणाऱ्याची सही लागते तिथं.

"पोकळ हाये," मी म्हटलं.

"काय बोलली?"

"पोकळ हाये, मालक. तुमची नात बी याच फांदीखाली खिचडी खाते."

"तुले झाडातलं काय समजते वं?"

हातोडी उचलली. त्याच रगताच्या हातानं ठोकलं, जोरानं. मडकं वाजलं. साऱ्या पारानं आयकलं. आता कोणी हसलं नाही.

कागद घेतला, पोकळ असं लिहिलं, खाली पूर्ण नाव टाकलं, बापाचं आडनाव बी टाकलं. माह्या फोनात त्या कागदाचा फोटो काढला. सर म्हणे, "उद्यापासून येऊ नका."

पोरीले झोळीतून काढलं अन् पायी घरी आली.

तो कागद सरांनं फाडला असन. फांदी अजून तशीच हाये. रोज खिचडीच्या वेळेले मी पाराशी जातो, लेकरायले फांदीखालून उठवतो, पलीकडं बसवतो. लोकं शिव्या देतात. अध्यक्षाची नात माह्या मांडीवर बसून खाते.

हातावर अर्धंच पान राह्यलं, बाकी पांढरा डाग. सासू म्हणते, बाही खाली घे. नाही घेणार. येत्या ग्रामसभेत हाच हात वर करीन. फोटो दाखवीन. नाही मानलं तं साऱ्यायले पारावर नेईन अन् त्याह्यच्या समोर ठोकीन.

भेव गेलं नाही. भेत भेतच जाईन. पण झाडाभोवती फिरीन तं उलटीच.