अख्खं पान दाखवणारं बटण

ही वही कुणी उघडलीच तर आधी माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही आणि अक्षर तर कोंबडीच्या पायासारखं आहे. पण हे कुणाला तोंडानं सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

लग्नाचे अल्बम छापणाऱ्या दुकानात मी पानं तपासते. छापायच्या आधी प्रत्येक पान कॉम्प्युटरवर बघायचं. कुणाचे पाय तुटलेत का, मुंडावळ्या कापल्यात का, कडेची माणसं कापायच्या रेषेच्या आत आहेत का. इंग्रजी मला येत नाही. चार बाणांचं एक बटण होतं, ते दाबलं की केवढंही मोठं पान पडद्यात अख्खं मावायचं. माझं सगळं काम त्या बटणावर.

एका सोमवारी ते जागेवर नव्हतं. पान उघडलं तर नवरीची नुसती नथ आणि ओठ. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं आणि बटण पुसलं. नवऱ्याचं शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीतलं काम सुटलेलं, घर माझ्या पगारावर. सांगितलं तर काढून टाकतील. मी गप्प बसले. माऊसनं पान ओढत तुकड्या-तुकड्यानं बघायचे, कुठला कोपरा बघितला ते विसरायचे, पुन्हा पहिल्यापासून. घरी भाकरी थापतानाही डोळ्यांपुढे नुसते कान, हात, पदर. सकाळी घरून, पडेगावहून, रिक्षात बसले की वाटायचं, आज जाऊच नये.

नवव्या दिवशी करमाडचं एक कुटुंब अल्बम परत घेऊन आलं. नवऱ्या मुलाचे वडील वारलेले. फोटोच्या वेळी त्यांची हार घातलेली तसबीर घरच्यांनी कडेच्या खुर्चीवर ठेवली होती. छापलेल्या पानावर ती मधोमध कापली गेली होती. एकच डोळा उरला होता. मुलाची आई भांडली नाही. त्या कडेवरून तिनं फक्त बोट फिरवलं.

ते गेल्यावर दुकानाचे शेठ म्हणाले, "मावशी, डोळे मिटून तपासता का? नवा अल्बम अकरा हजाराला पडतो. पगारातून जाईल."

मला रडू फुटलं. "माझ्याकडून ते बटण पुसलं गेलं," एवढंच बोलले.

दुकानात पानं डिझाइन करणारा पोरगा, त्याला सगळे भाऊ म्हणतात, हसायलाच लागला. "अहो ताई, तुम्ही काय पुसणार? अपडेट आलं, सॉफ्टवेअरवाल्यांनीच काढून टाकलं. इतके दिवस तोंडात गुळणी धरून बसलात व्हय?"

"मग परत आणा."

"नाय येत आता. बाकीच्यांचं चालतंय की."

"माझं नाय चालत." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "उद्या आणखी कुणाचा बाप कापला जाईल."

शेठनी मान वर केली. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढायला लावला. त्याला नेट नव्हतं, म्हणून त्यात जुनंच सॉफ्टवेअर होतं. भावानं ते माझ्या मशीनवर टाकलं आणि अपडेट बंद केलं. मी करमाडचं पान उघडलं, चार बाण दाबले. सगळी माणसं, कडेची खुर्ची, हार, दोन्ही डोळे. भावानं तसबीर रेषेच्या आत सरकवली आणि अल्बम नव्यानं छापायला गेला.

पैसे मात्र शेठनी सोडले नाहीत आणि मीही सोडा म्हणाले नाही. महिन्याला हजार. उधारी थकली म्हणून किराणावाल्याच्या दुकानावरून जायचं टाळून मागच्या गल्लीनं घरी यायचे. दिवाळीला मुलांना कपडे झाले नाहीत. एकदा गॅस संपला तर चार दिवस शेजारणीच्या चुलीवर रांधलं. काल शेवटचे हजार कापले. अकरा हजार पुरते फिटले.